चिनी नववर्षातला ‘वू शी’ : सिंहनृत्य म्हणावं की सिंह नाचवणं?

प्रश्न : चिनी नववर्षाच्या बातम्यांत कुणी ‘ड्रॅगन डान्स’ लिहितं, कुणी ‘सिंहनृत्य’, आणि पुष्कळदा खाली छायाचित्र मात्र एकाच प्राण्याचं असतं. कोलकात्याच्या टांगरा भागात नववर्षाला दुकानांपुढे नाचतो तो केसाळ, मोठ्या डोळ्यांचा प्राणी नेमका कोणता? मराठीत त्याला काय म्हणावं?

उत्तर : तो सिंह. ओळख सोपी आहे. सिंहाच्या आत दोनच माणसं असतात, एक डोक्यात आणि एक कमरेतून वाकून मागच्या धडात. बाहेरून त्यांचे फक्त पाय दिसतात, तेही झालरीच्या विजारीत. ड्रॅगनचं लांबलचक अंग काठ्यांवर उचललेलं असतं, काठ्या धरणारी माणसं उघड दिसतात आणि पुढे एकजण काठीवर मोती घेऊन पळत असतो, त्याच्या मागे ड्रॅगन.

आता शब्द. चिनीत सिंहाच्या नाचाला ‘वू शी’ आणि ड्रॅगनच्या नाचाला ‘वू लुंग’ म्हणतात. ‘शी’ म्हणजे सिंह, ‘लुंग’ म्हणजे ड्रॅगन. आपण सगळे अडतो ते ‘वू’पाशी. ‘वू’ म्हणजे नाच, पण हातातली वस्तू फिरवणं, परजणं यालाही ‘वू’च म्हणतात. ‘वू ज्यान’ म्हणजे तलवार परजणं. तिथे तलवार हे कर्म असतं, आणि ‘वू शी’मध्ये सिंहही कर्मच आहे. त्यामुळे ‘सिंहनृत्य’ हा समास चूक नसला, तरी त्यातून सिंह स्वतः नाचतोय असा अर्थ निघतो. माझ्या मते ‘सिंह नाचवणं’ हेच खरं भाषांतर. शिमग्यात कोकणात आपण ‘पालखीनृत्य’ बघायला जात नाही, पालखी नाचवतात ती बघायला जातो. देव दारी येतो आणि खांद्यावर घेणारे त्याला नाचवतात. ‘वू शी’तही सिंह दारी येतो, घराची आणि दुकानाची इडापिडा घालवतो आणि मान घेऊन पुढच्या दाराला जातो.

हा मान कसा घेतात ते सांगितल्याशिवाय शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. दुकानदार दारावर लेट्यूसचा गड्डा टांगतो आणि त्याला पैशाचं लाल पाकीट बांधतो. सिंह थेट झडप घालत नाही. तो दबकत येतो, हुंगतो, बिचकून मागे सरतो, कान हलवतो, पुन्हा पुढे येतो. ढोलाचा ठेकाही तसाच दबतो आणि चढतो. मग एकदम उडी मारून गड्डा तोंडात. आतला माणूस पाकीट काढून घेतो आणि पानं फाडून तोंडावाटे लोकांवर उधळतो. याला चिनीत ‘त्साय छिंग’ म्हणतात. ‘छिंग’ म्हणजे हिरवं आणि ‘त्साय’साठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, खुडणं. ‘हिरवं खुडणं’ असं मी बिनदिक्कत लिहीन. लेट्यूसच का, तर दक्षिण चीनमधल्या कँटोनीज भाषेत लेट्यूसला ‘सांग छोय’ म्हणतात, आणि ‘धन उपजणं’ यासाठीचे शब्दही तेच ऐकू येतात, फरक फक्त सुराचा.

नवा सिंह नाचवण्याआधी मानाच्या पाहुण्याच्या हस्ते त्याच्या डोळ्यांत लाल रंगाचे ठिपके देतात. तो विधी ‘द्यान जिंग’. तोवर सिंह म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर चिकटवलेला कागद आणि कापड. ठिपके पडले की तो जागा होतो. आपल्याकडचा ‘नेत्रोन्मीलन’ हा शब्द इथे चपखल बसतो.

पुन्हा विचारणा : दादा, कँटोनीज लोक याला ‘सिंग सी’ म्हणतात असं वाचलं. म्हणजे हा आपला ‘सिंह’च ना? आणि चीनमध्ये सिंह नव्हतेच, मग हे आलं कुठून?

उत्तर : नाही, तो ‘सिंग’ आपला नव्हे. ‘सिंग सी’ म्हणजे ‘जागा झालेला सिंह’. त्यात ‘सिंग’ म्हणजे जागा आणि ‘सी’ म्हणजे सिंह. ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचं.

सिंह मात्र खरोखरच बाहेरून आला. हान काळाच्या इतिहासात पश्चिमेकडच्या राज्यांनी इ.स. 87 च्या सुमारास सम्राटाला सिंह भेट पाठवल्याच्या नोंदी आहेत. ‘शी’ हा शब्दही अशाच वाटेने, मध्य आशियातल्या इराणी किंवा तोखारी भाषांतून आला असावा असं अभ्यासक मानतात. थांग काळातला कवी बाय ज्यूयी (772–846) याने एका कवितेत या नाचाचं वर्णन केलंय : लाकडात कोरलेलं डोकं, रेशमी धाग्यांची शेपूट, सोन्याचा मुलामा दिलेले डोळे, चांदी चढवलेले दात. नाचवणारेही पश्चिमेकडच्या परक्यांच्या सोंगात.

आपल्याकडून गेलं ते निराळंच. बौद्ध ग्रंथांतल्या ‘सिंहनादा’चं चिनीत ‘शीझ् हौ’ झालं, म्हणजे बुद्धाच्या उपदेशाची गर्जना. मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहनही सिंहच. जो प्राणी चीनमध्ये बहुतेकांनी कधी पाहिलाच नव्हता, तो रक्षणकर्ता कसा झाला याचं बरंचसं उत्तर इथे सापडतं. अकराव्या शतकात सू दोंगपो या कवीने आपल्या मित्राच्या बायकोच्या ओरडण्याला ‘हदोंगच्या सिंहिणीची गर्जना’ म्हटलं, आणि आजही तापट बायकोसाठी चिनीत तोच वाक्प्रचार चालतो. बुद्धवचनासाठी घडलेला शब्द असा घरगुती भांडणात उतरलेला पाहून मला वाईट वाटतं, पण शब्दांचा प्रवास असाही होतो.

आणखी एक भर : मी जकार्तात राहते. इथे याला ‘बारोंगसाय’ म्हणतात. ‘बारोंग’ म्हणजे बाली-जावाच्या परंपरेतलं मुखवट्याचं जनावर, आणि ‘साय’ हा होक्कियन या दक्षिण चीनमधल्या भाषेतला सिंह. शब्द निम्मा इथला, निम्मा तिथला. पण इंडोनेशियाचे तेव्हाचे सत्ताधीश सुहार्तो यांच्या काळात, 1967 च्या अध्यक्षीय आदेशाने, चिनी सण जाहीरपणे साजरे करायलाच बंदी आली. बारोंगसाय रस्त्यावरून नाहीसा झाला. 2000 साली अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो आदेश रद्द केला. आता मॉलमध्येही ढोल वाजतात आणि गर्दीत सगळ्या धर्मांची मुलं असतात. मराठीत लिहिताना इथला शब्द कृपया ‘बारोंगसाय’च ठेवा, त्याचं ‘चिनी सिंहनृत्य’ करू नका. तो शब्द इथल्या लोकांनी झगडून परत मिळवलाय.

उत्तर : ताई, पूर्ण पटलं. व्हिएतनामचंही असंच आहे. तिथे याला ‘मुआ लान’ म्हणतात, आणि ‘लान’ म्हणजे सिंह नव्हे, तर एक काल्पनिक शुभ प्राणी. तिथल्या नाचालाही सरसकट ‘सिंह’ म्हणू नये.

‘सिंहनृत्य’ मी एकाच ठिकाणी ठेवीन, स्पर्धेच्या बातमीत. मलेशियातल्या गेंटिंगसारख्या स्पर्धांत सिंह उंच खांबांवरून उड्या मारतो आणि परीक्षक गुण देतात. तिथे दार नाही, लाल पाकीट देणारा दुकानदार नाही. जिथे सिंह कुणाच्या उंबऱ्याशी येतो, तिथे मात्र ‘सिंह नाचवला’ असंच लिहावं.