मदत हवी आहे: मिनी मिलिंगच्या डिजिटल पट्ट्या स्पिंडल चालू केला की वेड्यासारख्या करतात

खटपट्या (शनिवार, रात्री ११:४०)
लवकर सांगा, उद्या रविवार आहे आणि मला आठवड्यात तेवढाच एक दिवस मिळतो.
मिलिंगला एक्स आणि वाय दोन्ही दिशांना डिजिटल पट्ट्या (टेबल किती सरकलं ते मिमीत दाखवणाऱ्या) लावल्या. हाताने टेबल फिरवलं तर आकडा चोख येतो, डायल लावून तपासलंय. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) चालू केला की आकडे नाचायला लागतात. कधी दोन मिमीने, कधी थेट चारशे काहीतरी. बंद केलं की कधी जागेवर येतात, कधी नाहीत. पट्टी बदलून पाहिली, तेच. गिअर काढून बेल्ट टाकला त्याच आठवड्यात पट्ट्याही लावल्या, त्यामुळे नक्की कशाने बिघडलं ते कळत नाही.
"नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

मीमाहीमकर (११:५२)
मशीन कोणतं? मोटर कोणती? काय कापताय? पट्टी कुठे आणि कशी बसवलीय? फोटो?

खटपट्या (११:५८)
मिनी मिल हो, सगळ्यांकडे असतं तेच. एक्स टू. मोटर डीसी, ब्रशवाली, ३५० वॅट, मूळचीच आहे. काही कापत नाहीये, नुसतं फिरवलं तरी होतं. फोटो उद्या, घरचे झोपलेत.

बेल्टवाला_बोरिवली (रविवार, सकाळी ७:१५)
बेल्ट टाकलात ते उत्तम केलंत. ते प्लास्टिकचे गिअर तुटायचेच. कटर जरा अडकला की दात गेले. आता आवाजही कमी झाला असेल.
पण रबर बेल्ट फिरताना स्थिर वीज तयार होते. मला वाटतं तेच कारण. मशीनच्या डोक्यापासून (मोटर आणि स्पिंडलवाला वरचा भाग) खालच्या बेडपर्यंत तांब्याच्या तारांची वेणी ओढा.

मीमाहीमकर (७:३१)
स्थिर वीज डोक्यावर तयार होईल, पट्टी खाली टेबलाला आहे. शिवाय अख्खं मशीन बिडाचं आणि एकमेकांना बोल्टने आवळलेलं. तुमची वेणी आणखी वेगळं काय करणार?

बेल्टवाला_बोरिवली (७:३४)
डोव्हटेलमध्ये, म्हणजे भाग सरकतात त्या खाचेत, तेलाचा थर असतो. मी स्वतः अनुभवलंय.

निवृत्त_फिटर (८:०२)
मंडळी, मी परळच्या एका कापड मिलच्या मशीन शॉपमध्ये होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मी बाहेर पडलो तो पडलोच. तिथल्या मिलिंगवर कुठली पट्टी नि कुठलं काय. हँडव्हीलवरचे भाग मोजायचे आणि नेहमी एकाच बाजूने जॉबवर यायचं, की स्क्रूची ढिलाई आपोआप खाल्ली जाते. एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे पंचवीस मायक्रॉन, तेवढं कान आणि मनगट सांगतं.
पोरा, तुझ्या स्क्रूला प्ले, म्हणजे ढिलाई, किती आहे ते सांग आधी. पट्टी म्हणजे चष्मा. चष्मा लावल्याने गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

मीमाहीमकर (८:१०)
काका, पट्टी टेबलाची खरी जागा दाखवते, स्क्रूची नाही. म्हणून मोजमापापुरता प्ले आडवा येत नाही.

निवृत्त_फिटर (८:१९)
मोजमापाला येत नाही, कापायला येतो. कटर ज्या दिशेने ओढतो त्याच दिशेने टेबल सरकवलंस तर प्ले असलेलं टेबल झटक्यात पुढे जातं आणि एंड मिलचा, म्हणजे कटरचा, तुकडा भिंतीवर. आमच्या इथे एकाच्या कपाळाला लागला होता. जिब, टेबलाच्या खाचेतल्या आवळायच्या पट्ट्या, नीट आवळल्यात का? चाकू सरकवल्यासारखं टेबल सरकलं पाहिजे, ना घट्ट ना डगमग.

खटपट्या (८:२५)
काका, प्ले ०.३ मिमी आहे, जिब आवळल्यात, पण प्रश्न तो नाहीये. आकडे नाचतात.

शॉकरदादा (८:४०)
डोकं खाली सरकतं का तुमचं? सगळ्यांचं सरकतं. डोकं तोलून धरणारा मूळचा तो पिळाचा दांडा काढून टाका आणि हॅचबॅकच्या डिकीचा गॅसचा दांडा लावा. चोर बाजारात जोडी मिळते, फक्त दाब किती न्यूटनचा आहे ते अंगावर छापलेलं वाचून घ्या. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो. डोक्याचं वजन करून त्याप्रमाणे निवडा. आणि दांड्याला भोक किंवा वेल्डिंग अजिबात करू नका, आत दाबाखाली गॅस असतो.

खटपट्या (८:४३)
धन्यवाद, पण माझं डोकं जागेवर आहे.

सुगरण_सावंतवाडी (८:५५)
आमच्या घरघंटीचंही असंच झालं होतं. चालू केली की शेजारच्या टीव्हीवर रेघा. मेकॅनिकने कॅपॅसिटर बदलला आणि थांबलं. तुमच्या मिलमध्ये पीठ बारीक येतंय ना?

खटपट्या (८:५७)
ताई, ही पिठाची गिरणी नाही, लोखंड कापायचं मशीन आहे.

सुगरण_सावंतवाडी (९:०१)
अगं बाई. शीर्षकात "मिलिंग" वाचून आले मी. असो, कॅपॅसिटर बघाच.

तिसरी_पिन (९:२०)
ताईंचं बोलणं वाटतं तितकं अवांतर नाही. स्पिंडल फिरल्यावरच होतं, कापायच्या आधीच होतं, म्हणजे विजेचा कचरा आहे. डीसी मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात आणि वेग कमी-जास्त करणारं सर्किट सतत चालू-बंद करतं.
दोन प्रश्न. मशीनला अर्थिंग आहे का? आणि पट्टीला वीज कुठून दिलीय?

खटपट्या (९:२६)
सॉकेट तीन पिनांचं आहे. बिल्डिंग जुनी आहे, लालबागला, चाळच म्हणा. पट्टीला वीज जुन्या मोबाईल चार्जरवरून. बटण सेल दर दोन आठवड्यांनी संपायचे, वैताग आला. एलएम ३१७ (व्होल्टेज उतरवणारी चिप) लावून पाचाचे दीड व्होल्ट केलेत. रात्रभर बसून बनवलंय.

तिसरी_पिन (९:२८)
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलं?!

खटपट्या (९:३०)
कारण ते विजेचं आहे, प्रश्न पट्टीचा आहे.

तिसरी_पिन (९:४७)
बरं. या स्वस्त पट्ट्या आत कॅपॅसिटरच्या तत्त्वावर चालतात, पट्टीवरच्या तांब्याच्या खुणा आणि वाचणाऱ्या डोक्यातल्या खुणा यांच्यामधला फरक मोजतात. सिग्नल अगदी नाजूक असतो. आणि यातल्या बऱ्याच पट्ट्यांत धातूची बॉडी सेलच्या प्लसला जोडलेली असते, मायनसला नाही. पट्टी बेडला बोल्ट केली की अख्खं मशीन तुमच्या चार्जरच्या प्लसला जोडलं गेलं. साध्या चार्जरचं आउटपुट मेनपासून पूर्ण तुटलेलं नसतं, आतल्या छोट्या कॅपॅसिटरमधून थोडी गळती येतेच. म्हणूनच चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूला बोट लावलं की कधीकधी झिणझिण्या येतात. त्यात मोटरचा गोंधळ मिसळला की आकडे नाचणार नाहीत तर काय.
तुमच्या एलएम ३१७ ला रेझिस्टर कोणते?

खटपट्या (९:५०)
२४० आणि ४७ ओहम. नेटवर होतं.

तिसरी_पिन (९:५८)
त्याला निदान काही मिलिअँपिअर भार लागतो, वाईटात वाईट दहा. पट्टी त्यातलं काहीच खात नाही, मायक्रोअँपिअरमध्ये चालते. २४० ला पाचच मिळतात, भार कमी पडला तर व्होल्टेज दीडच्या वर चढतं. वापरायचंच तर १२० आणि २४ लावा.
पण आधी चाचणी करा. चार्जरच्या दोन्ही वायरी पट्टीपासून पूर्ण काढा. नुसता स्विच बंद केला तर चालणार नाही. सेल घाला. कटर न लावता स्पिंडल दहा मिनिटं फिरवा, वेग कमी-जास्त करा, मग इथे लिहा.

कट्टा_कारागीर (१०:०५)
अर्थिंग नसेल तर सरळ नळाच्या पाइपला वायर बांधा. आमच्याकडे वडिलांनी तेच केलं होतं, वीस वर्षं चाललं.

तिसरी_पिन (१०:०९)
हा सल्ला कृपया कुणी पाळू नका! चाळीत एकच पाइप चार मजल्यांना जातो. तुमच्या मशीनची गळती वरच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याच्या अंगात जाईल. शिवाय आता मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा पाइप बदललेला असतो, म्हणजे अर्थ जमिनीपर्यंत पोचतच नाही.

कट्टा_कारागीर (१०:१२)
वीस वर्षं कुणी मेलं नाही.

निवृत्त_फिटर (१०:१६)
नशीब म्हणायचं.

बेल्टवाला_बोरिवली (१०:३०)
मी अजूनही म्हणतो, वेणी ओढून बघा.

पोकळ_खांब (१०:४१)
एक्स टू मध्ये खरी अडचण कॉलमची, म्हणजे डोकं धरणाऱ्या उभ्या खांबाची आहे. आतून पोकळ, आणि अख्खा कॉलम मागच्या एका मोठ्या नटवर उभा. मी आत इपॉक्सी आणि खडीचा चुरा भरला आणि मागून पोलादी पट्टा आवळला. आधी ॲल्युमिनियमवर लाटा यायच्या, आता नखाला लागत नाहीत. ते आधी करा, पट्ट्या नंतर.

मीमाहीमकर (१०:४४)
कॉलम हलवून त्याला तिरकं कटिंग करायचं असेल तर? पट्टा लावला की कोन गेला.

पोकळ_खांब (१०:४९)
किती वेळा तिरकं केलंत तुम्ही? एकदा सरळ करायला अर्धा दिवस जातो. मी तर कॉलम जन्मठेपेला घातलाय.

खटपट्या (दुपारी १:१०)
केलं. सेल घातल्यावर एक्स दहा मिनिटं शांत, एकही आकडा हलला नाही. वाय फक्त चालू करताना एकदा उडाला, मग स्थिर.
आणि एक गोष्ट सापडली. वायची वायर आणि मोटरची वायर मी एकाच टायने कॉलमच्या मागे बांधली होती. दिसायला नीटनेटकं दिसावं म्हणून.

तिसरी_पिन (१:१४)
🤦 वेगळ्या करा. मोटरची एका बाजूने, पट्टीची दुसऱ्या बाजूने, आणि कुठे एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. जाळीवाली वायर वापरत असाल तर जाळी एकाच टोकाला जोडा. पट्टीच्या सेलच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कॅपॅसिटर टाका. लॅमिंग्टन रोडला सुट्टा मिळेल.

खटपट्या (१:५२)
वायरी वेगळ्या केल्या. वायही थांबला! आता चार्जर परत कसा लावू?

तिसरी_पिन (१:५५)
लावू नका. एक पेन्सिल सेल घ्या, रिमोटमध्ये घालतो तो, तोही दीड व्होल्टचाच. होल्डरमध्ये ठेवून पट्टीच्या प्लस-मायनसला जोडा. बटण सेलच्या दहा पटींहून जास्त टिकेल.

खटपट्या (१:५७)
रात्रभर सोल्डरिंग केलं हो मी त्या सर्किटवर.

निवृत्त_फिटर (२:०५)
ठेव जपून. वाया गेलेलं काही नसतं, फक्त जागा अडवतं.

तिसरी_पिन (२:१०)
मल्टिमीटर आहे तर एसीवर ठेवून, हाताळता येत असेल तरच, सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही बघा.

खटपट्या (२:२२)
फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ ७८, तोही खाली-वर होतोय.

तिसरी_पिन (२:२५)
म्हणजे तिसऱ्या भोकात वायरच नाही, किंवा कुठेतरी तुटलीय. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. वायरमन बोलवा, अर्थ आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दोन्ही करून घ्या. तोपर्यंत मशीन बंद. पट्टी चालते म्हणून आज संध्याकाळी जॉब लावू नका, अख्खं बिड तुमच्या हाताला लागलेलं असतं.

खटपट्या (२:३३)
रविवार गेला म्हणजे.

शॉकरदादा (३:१५)
वेळ आहे तर डोक्याचं वजन करून ठेवा.

खटपट्या (गुरुवार, रात्री ९:४८)
वायरमन येऊन गेला. मीटरच्या खोलीपासूनच अर्थ तुटलेला होता, पूर्ण मजल्याचा. शेजाऱ्यांनी मिळून खर्च केला. आता फेज-अर्थ २३०. पेन्सिल सेलवर दोन्ही पट्ट्या दगडासारख्या स्थिर.
पावसाळ्यात पट्टीवर दमट हवा आणि तेल बसून आकडा चुकतो असं कुणीतरी म्हणालं, खरं का?

मीमाहीमकर (१०:०२)
खरं. पट्टीवर पत्र्याचं झाकण करा, वाचणारं डोकं खालच्या बाजूला येईल असं बसवा, म्हणजे कीस आणि तेल वर साचणार नाही. कूलंट वापरत असाल तर ब्रशनेच लावा, ओतू नका.

सुगरण_सावंतवाडी (१०:२०)
छान झालं हो. आता माझं कुणी सांगेल का, घरघंटीचा बेल्ट मुंबईत कुठे मिळेल? मुलगा भायखळ्याला आहे, तो घेऊन येईल. बेल्टवर ए ३५ लिहिलंय.

बेल्टवाला_बोरिवली (१०:२४)
ताई, ए म्हणजे वरची रुंदी १३ मिमी, ३५ म्हणजे आतला घेर इंचात. नागदेवी स्ट्रीटला जाऊ दे त्याला, जुना बेल्ट बरोबर दे, दोन्ही एकत्र धरून बघायचे. ए ३६ खपवतील, घेऊ नकोस, घसरेल.

सुगरण_सावंतवाडी (१०:२६)
आणि तांब्याची वेणी?

बेल्टवाला_बोरिवली (१०:२७)
तुम्हाला नको.