वाचनालयाच्या स्मरणिकेची मांडणी: ओळी, स्तंभ आणि टंक

ग्रंथसेवक
आमच्या गावच्या वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त डेमी आकाराची ९६ पानांची, म्हणजे सोळापानी सहा फर्म्यांची, स्मरणिका काढायचे ठरले असून मांडणीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. निम्मे लेख युनिकोडपूर्व टंकांत (फाँटमध्ये) होते, ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य संगणकीय अक्षरसंकेतात रूपांतरित करून घेतले. पहिल्या आठ पानांची नमुनाप्रत काढली ती ११ पॉइंटांच्या (पॉइंट म्हणजे छपाईत अक्षर आणि ओळ मोजण्याचे एकक) मजकुराची, १३ पॉइंटांच्या ओळीची, दोन स्तंभांत आणि दोन्ही कडा सरळ ठेवून. पडद्यावर ती नेटकी दिसत होती, कागदावर मात्र एके ठिकाणी ‘श्रद्धांजली’तल्या जोडाक्षराचा पाय खालच्या ओळीतील ‘कीर्ती’च्या रफाराला टेकला आहे आणि त्याच स्तंभात दोन शब्दांमध्ये बोट मावेल एवढी पोकळी पडली आहे. आमचे बरेच सभासद साठी ओलांडलेले आहेत आणि हा अंक त्यांना डोळे न शिणता वाचता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टंक बदलावा, आकार वाढवावा की स्तंभ काढून टाकावेत?

मांडणीकार
टंकाला हात लावण्याआधी ओळींमधील अंतर पाहा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरले जाते आणि तुमचे १३ पॉइंट बहुधा तिथूनच आले आहेत. रोमन लिपीला तेवढे पुरते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा दुसरा थर असा सगळा संसार असतो, त्यामुळे ११.५ पॉइंटांच्या मजकुराला निदान १६ पॉइंटांची ओळ द्यावी.

दोन स्तंभ मात्र काढूनच टाका. डेमीची रुंदी साडेपाच इंच. समास आणि मधली जागा वजा जाता एका स्तंभाला दोन इंचही धड उरत नाहीत. ‘महाविद्यालयांमधल्या’सारखा एखादा शब्द आला की तो पुढच्या ओळीत ढकलला जातो आणि मागे राहिलेले तीन शब्द ताणले जातात. ती पोकळी भरण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह होईल, पण तसे केल्यास शिरोरेखा जागोजागी तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. ते अंतर शून्यावरच ठेवावे.

खिळेजुळारी
स्तंभांबाबत मी सहमत आहे, पण पोकळीवर आणखी एक जुना उपाय आहे. खिळाछपाईच्या काळात आम्ही कंपोझिटर ओळीच्या शेवटी लांब शब्द हाताने तोडत असू आणि वाचकांना त्याचे काही वावगे वाटत नसे. शब्द अर्थाच्या सांध्यावर तोडावा: ‘महा-विद्यालय’ चालेल, ‘महावि-द्यालय’ नको.

मला जास्त काळजी वाटते ती रूपांतरित लेखांची. जुन्या टंकांतून युनिकोडमध्ये येताना अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर हरवते आणि तिच्या जागी रफार बसतो. मग ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ छापायच्या ठिकाणी ‘सह्याद्रीच्या दर्या’ छापले जाते, म्हणजे डोंगरात समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत तर स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. शब्दतपासणीला दोन्ही रूपे बरोबरच वाटतात, त्यामुळे ही चूक माणसाच्याच डोळ्यांना सापडते. मुद्रितशोधकाने एक वाचन केवळ या ‘र’साठी करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

अक्षरवेध
टंकाविषयी थोडे लिहितो. राज्य शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे आपले मराठी वळण आहे, मात्र अनेक टंकांत मुळात हिंदी वळणाची रूपे असतात. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावर काही टंक ती आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा टंक मराठीसाठीच स्वतंत्रपणे बांधलेला आणि मोफत आहे, आणि त्याचे जाड-बारीक वळण पुस्तकी मजकुराला शोभते. मथळ्यांसाठी ‘एक टाइप’ या टंकनिर्मात्या संस्थेचा ‘मुक्त’ घ्यावा. तिसरा टंक घेऊ नये. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडू लागली तर ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ हा पर्याय निवडला आहे का, हे आधी तपासावे.

ग्रंथसेवक
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीच आठ पाने एका स्तंभात आणि ११.५ वर १६ अशी पुन्हा जुळवून मूळ आकारात छापली व आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा न सरकवता दोन पाने सलग वाचली. ‘दर्या’ दोन ठिकाणी सापडला. अडचण एवढीच आहे की मजकुराची ६० पाने आता ७५ झाली आहेत, म्हणजे आणखी एक फर्मा वाढतो आणि समिती त्या खर्चाला राजी नाही.

मांडणीकार
ओळींचे अंतर पुन्हा आवळू नका. स्मरणिकेत शुभेच्छासंदेशांना सहसा एकेक पूर्ण पान दिलेले असते. ते एका पानावर चार बसवले तर किती पाने सुटतात, हे समितीसमोर मोजून दाखवा.

ग्रंथसेवक
असे संदेश वीस आहेत. पंधरा पाने सुटतात.