गहू मार्चमध्येच गेला होता

२०२२ ची गहू निर्यातबंदी निव्वळ युक्रेन युद्धामुळे आली, हे अर्धंच खरं. त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि पंजाब-हरियाणात नेमका तेव्हाच दाणा भरत असतो. ओंबी बाहेरून ठीक दिसायची, तळहातावर चोळली की आत बारीक, चिमलेले दाणे! सरकारी खरेदीत अशा दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत न्यावी लागली, यातच काय ते आलं. गहू उत्पादनाचा ११ कोटी १३ लाख टनांचा अंदाजही खाली आणला. युद्धाने भाव चढवले, व्यापारी खुशीत होते, अन् १३ मे ला अचानक बंदी. (एलसी, म्हणजे बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, आधीच उघडलेल्यांना सूट होती म्हणा.)