ग्लिगोरोव्हनी मॅसिडोनिया वाचवला की विकला?

कोकणकडा: काल 'तिरकी रेघ' यांनी लिहिलं, 'किरो ग्लिगोरोव्ह जन्मभर वारा बघून पाठ फिरवत आले. मॅसिडोनिया त्यांनी वाचवला नाही, विकला.' ग्लिगोरोव्ह म्हणजे स्वतंत्र मॅसिडोनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. वाचून झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. ८ सप्टेंबर १९९१ ला युगोस्लाव्हियातून बाहेर पडायचं सार्वमत झालं, तेव्हा तिकडे क्रोएशियात वुकोव्हारला वेढा पडला होता. हा माणूस ७४ वर्षांचा, हाताशी सैन्य नाही. तरी १९९२ च्या मार्चपर्यंत युगोस्लाव्ह सैन्य त्यांनी बोलणी करून देशाबाहेर काढलं. सैन्याने जाताना रणगाडे, तोफा, सगळं धुऊन नेलं, मान्य. पण पुढच्याच महिन्यात बोस्नियात साराएव्होचा वेढा सुरू झाला. मॅसिडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, तसलं काही झालं नाही. याला विकणं म्हणतात?

तिरकी रेघ: म्हणतात. तुमचा इतिहास १९९१ लाच का सुरू होतो? टिटोंच्या कम्युनिस्ट राज्यात अर्थमंत्री कोण होतं? १९७४ ते १९७८ युगोस्लाव्हियाच्या संसदेचा अध्यक्ष कोण? तीस वर्षं एकाच पक्षाची सावली, आणि मग एकदम राष्ट्रपिता! १९९४ च्या निवडणुकीत घोटाळ्याचा आरोप करून प्रमुख विरोधी पक्षाने दुसऱ्या फेरीवर बहिष्कार घातला. मग संसदेत प्रश्न विचारायला उरलं कोण? वर झेंडाही बदलला, नावही सोडलं.

कोकणकडा: नाव सोडलं नाही. १९९३ ला संयुक्त राष्ट्रांत 'माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक' हे शेपूट लावून घेतलं, कारण ग्रीस नावावर अडून बसला होता, दुसरी वाट नव्हती. आणि अर्थमंत्री म्हणून १९६५ च्या बाजाराकडे झुकणाऱ्या सुधारणा कोणी रेटल्या, तेही लिहा की.

दर्यावर्दी: नावावरून भांडताय म्हणून सांगतो. १९९४ ला मी ग्रीसच्या थेसालोनिकी बंदरात होतो, मालवाहू जहाजावर. ग्रीसने फेब्रुवारीत नाकेबंदी केली होती. अन्न-औषध सोडून मॅसिडोनियाचा माल त्या बंदरातून हलेना. आमचा सेकंड इंजिनिअर ग्रीक, भला माणूस, पण विषय निघाला की लाल व्हायचा. म्हणायचा, मॅसिडोनिया हा ग्रीसमधला माझा प्रांत, माझं घर, आणि वर्जिनाच्या, म्हणजे सिकंदराच्या घराण्याच्या, थडग्यातला सूर्य हे लोक झेंड्यावर लावतात! मला त्याचं पटायचं. आजही पटतं.

यारा-काठची: काका, माफ करा, पण त्याचं घर आणि बाकीच्यांची धर्मशाळा का? इथे मेलबर्नला आमच्या शेजारच्या आजी ग्रीसमधल्याच एका खेड्यातल्या. १९४८ ला यादवी चालू असताना लहान पोरांना सीमेपार नेलं, त्यात त्या. पुढे १९८२ ला ग्रीसने निर्वासितांना परत यायची मुभा दिली, ती फक्त वंशाने ग्रीक असणाऱ्यांना. आजींना आईची माती बघायला मिळाली नाही. त्या स्वतःला मॅसिडोनियनच म्हणायच्या. त्यांनी काय म्हणावं हे बंदरावरच्या इंजिनिअरने ठरवायचं?

दर्यावर्दी: आवाज चढवू नका. मी आजींबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. सिकंदर त्यांचा नव्हता, एवढंच म्हणतोय.

यारा-काठची: ते तर ग्लिगोरोव्हच सांगायचे! आम्ही सहाव्या शतकात आलेले स्लाव्ह, सिकंदराशी आमचा संबंध नाही. स्वतःच्या लोकांसमोर उभं राहून हे सांगायला छाती लागते. पुढे पंतप्रधान ग्रुएव्हस्कींच्या काळात स्कोप्येच्या चौकात घोड्यावरचा प्रचंड योद्धा, म्हणजे सिकंदरच, उभा केला, तो पाहिलात तर कळेल कोण वाऱ्याबरोबर गेलं.

तिरकी रेघ: मूळ मुद्दा बुडाला. झेंडा उतरवला की नाही?

कोकणकडा: उतरवला. आणि किंमत काय पडली, तेही ऐका. १३ सप्टेंबर १९९५ ला न्यूयॉर्कला ग्रीसशी झेंडा बदलण्याचा करार. ३ ऑक्टोबरला स्कोप्येत कामावर जाताना त्यांच्या मोटारीजवळ बॉम्ब फुटला. ड्रायव्हर गेला, यांचा उजवा डोळा गेला. सूत्रधार आजतागायत सापडलेला नाही. दोनच दिवसांनी संसदेने नवा झेंडा मंजूर केला आणि त्याच महिन्यात नाकेबंदी उठली. डोळा गमावून हा माणूस परत खुर्चीवर बसला, १९९९ पर्यंत. विकणारा असं करतो?

तिरकी रेघ: बरं. 'विकला' मागे घेतो, 'वाकले' लिहितो. त्यापुढे एक अक्षर मागे घेणार नाही. १९९४ च्या संसदेबद्दल तुम्ही दोन प्रतिसादांत काहीच बोलला नाहीत.

कोकणकडा: त्या निवडणुकीचं समर्थन मी करणार नाही. ते वाईटच झालं.

दर्यावर्दी: आजी आहेत का अजून?

यारा-काठची: नाहीत, काका. दोन वर्षं झाली.