मदत हवी आहे: एअर फोर्क दबूनच बसतो, हवा भरली तरी वर येत नाही (नागपूर)

मुरूमवाट

नमस्कार मंडळी. सायकलच्या पुढच्या शॉकरचं (फोर्कचं) नेमकं काय बिघडलं ते कळून नाही राहिलं. जाणकारांनी मार्ग सांगावा.

फोर्क एअरचा, 100 मिमी प्रवास (दबण्याची लांबी), 32 मिमी अ‍ॅल्युमिनियम स्टँचन (वरच्या गुळगुळीत नळ्या). डावीकडे वर हवेचा एकच व्हॉल्व्ह, उजवीकडे वर लॉकआउट (फोर्क दबणं बंद करायचा नॉब), उजव्या पायाखाली (स्टँचन ज्यात सरकतो त्या खालच्या नळीखाली) रिबाउंडचा, म्हणजे परत वर येण्याचा वेग ठरवणारा नॉब. वजन सामानासकट 74 किलो, हवा 85 पीएसआय. सायकल चालते ती काटोल रोडच्या पलीकडच्या मुरमाच्या वाटांवर आणि सेमिनरी हिल्सकडे, पावसाळ्यात काळ्या मातीतही.

सायकलवर कोणी बसलेलं नसतानाही 100 ऐवजी जेमतेम 75 मिमी स्टँचन दिसतो. पंप लावला की काटा 80 च्या आसपास थांबतो. 100 पीएसआयपर्यंत भरलं तर फोर्क कडक होतो, पण उंची वाढत नाही. दोन्ही स्टँचनवर काळपट तेलाचं कडं उमटतं. लॉकआउट बरोबर चालतो. आतलं तेल आजवर बदललेलं नाही.

एका दुकानात फोर्कच बदला म्हणाले. त्याआधी घरी उघडून पाहावा का? अ‍ॅलन की, रबरी हातोडा, शॉकपंप आणि व्हर्नियर आहे. टॉर्क पाना घ्यायची तयारी आहे.

सेमिनरीचढ

आधी एक खात्री करा. शॉकपंप जोडला की फोर्कमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, म्हणून काटा दरवेळी काही पीएसआय कमीच दाखवतो. 85 भरून 80 दिसणं म्हणजे गळती नव्हे. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तोही बहुतेक नळीतल्याच हवेचा असतो.

व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा. येत असतील तर व्हॉल्व्हच्या आतला कोर (छोटी पिन) घट्ट करा किंवा बदला. त्याची किल्ली कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. त्याच्या कॉम्प्रेसरने मात्र हवा भरू नका. फोर्कचा कप्पा एवढासा असतो, क्षणात मर्यादेबाहेर जातो.

ऑइलसील

मुरूमवाट भाऊ, फोर्क बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हवा बाहेर गेलेलीच नाही, ती चुकीच्या कप्प्यात गेली आहे.

डाव्या नळीत पिस्टनच्या वर पॉझिटिव्ह आणि खाली निगेटिव्ह असे हवेचे दोन कप्पे असतात. वरची हवा फोर्कला उघडा, म्हणजे पूर्ण वर आलेला ठेवते. खालची त्याला किंचित आत ओढते, म्हणून सुरुवातीचा प्रवास मऊ लागतो. व्हॉल्व्ह एकच असल्यामुळे नळीच्या आतल्या भिंतीवर एक छोटी खाच ठेवलेली असते. फोर्क जवळजवळ पूर्ण उघडा असताना पिस्टनचं सील त्या खाचेवरून जातं आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. पिस्टनचं सील झिजलं की दाबलेल्या फोर्कमध्ये वरची हवा खाली झिरपते. निगेटिव्हचा दाब वाढला की फोर्क खाली ओढला जातो. मग पिस्टन खाचेपर्यंत पोचतच नाही आणि ती हवा अडकून पडते. तुमचा फोर्क याच अवस्थेत आहे. घट्ट ग्रीसने खाच बुजली तरी हेच होतं, पण तुमचा फोर्क कधी खोललेलाच नाही, त्यामुळे ती शक्यता कमी.

हवा खालच्या सील हेडमधून (हवेच्या नळीच्या खालच्या झाकणातून) पायात उतरली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. काटा खरोखर उतरत गेला असता, फोर्क शेवटच्या प्रवासात अडला असता, आणि डावीकडचा खालचा बोल्ट सैल करताना हवा सुटली असती.

काही न उघडता आधी हे करा. पायावरच्या स्टिकरवर कमाल दाब छापलेला असतो, तिथपर्यंत हवा भरा, त्यापुढे नाही. पंप जोडलेलाच ठेवून एकाने हँडल वर ओढायचं आणि दुसऱ्याने चाक खाली धरून ठेवायचं. पिस्टन खाचेवर आला की आतून स्स असा आवाज येतो आणि फोर्क उघडतो. मग फोर्क ताणून धरूनच पंपाच्या बटणाने थोडी थोडी हवा सोडा, म्हणजे निगेटिव्हमधलीही त्याच वाटेने निघेल. ताण सोडून हवा काढली तर फोर्क आणखी खाली बसेल.

कमाल दाबालाही तो वर आला नाही तर घरी खोलूच नका. सर्क्लिप (आतला भाग अडवून ठेवणारी धातूची रिंग) काढताक्षणी अडकलेल्या दाबाने आतला दांडा अंगावर उडू शकतो.

मुरूमवाट

धन्यवाद ऑइलसील दादा. सांगितल्याप्रमाणे केलं, आवाज आला आणि पूर्ण 100 मिमी दिसला. 85 ला सेट करून चालवल्यावर परत हळूहळू दबला. व्हॉल्व्हवर बुडबुडे नाहीत. म्हणजे सीलच ना?

ऑइलसील

हो, सीलच. एअर स्प्रिंगचं (हवेच्या कप्प्यांच्या भागाचं) सील किट आणि वायपर सील (पायाच्या तोंडावरचं, माती अडवणारं), दोन्ही मॉडेलप्रमाणेच घ्या. क्राउनच्या (दोन्ही स्टँचन जोडणाऱ्या भागाच्या) मागे किंवा फ्रेममध्ये जाणाऱ्या स्टिअरर नळीवर क्रमांक असतो, त्यावरून जुळवा. ऑइल सीलच्या दुकानातली साधी ओ-रिंग वरच्या कॅपला चालून जाईल, पण पिस्टनच्या सीलचा आडवा छेद कित्येक फोर्कमध्ये गोल नसून चौकोनी असतो. तिथे जुगाड केला की पहिल्या पानावर परत याल. मोटरसायकलचं फोर्क सीलही नको. त्याच्या आतल्या स्प्रिंगमुळे घर्षण इतकं वाढतं की हलका फोर्क लहान खड्ड्यांवर हलतच नाही.

चाक आणि ब्रेक कॅलिपर काढा. पॅडच्या मध्ये पुठ्ठा अडकवा, चुकून लिव्हर दाबली जाते. सगळी हवा वर सांगितल्याप्रमाणे काढा. रिबाउंडचा नॉब खाली ओढून काढा. आता खालचे दोन्ही बोल्ट, बहुतेक 5 मिमी अ‍ॅलनचे, फक्त तीन-चार आटे सैल करा. अ‍ॅलन की बोल्टमध्येच ठेवून तिच्यावर रबरी हातोड्याने ठोका, म्हणजे आतला दांडा पायापासून सुटेल. बोल्ट आधीच पूर्ण काढून आत सळई घालून ठोकलं तर दांड्याचे आटे जातात, मग मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल.

पाय ओढून काढताना खाली ट्रे ठेवा आणि दोन्हीकडचं तेल वेगळं मोजा. मोजायचं कारण असं: पायात वंगणापुरतंच तेल असतं, मॉडेलप्रमाणे साधारण 5 ते 20 मिली. उजव्या पायातून 40-50 मिली निघालं तर डॅम्परचं (फोर्कची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाचं) सील गळतंय असं समजा, मग ते कामही यादीत घ्या. जुनं तेल नालीत ओतू नका, बाटलीत भरून गाड्यांच्या गॅरेजला द्या.

वायपर सील रुंद चपट्या पान्याने उचकटा, पान्याखाली फडकं ठेवा. त्याच्या खालचं फोमचं कडं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पिळून, नव्या तेलात भिजवा. तुमच्या स्टँचनवरचं काळं कडं याच फोममध्ये साचलेल्या मातीचं आहे. काळ्या मातीचा कण इतका बारीक की वायपरच्या ओठाखालून शिरतो आणि तेलाशी मिळून लुगदी होते. तीच पुढे बुशिंग (पायाच्या आतली कडी, जिच्यातून स्टँचन सरकतो) आणि स्टँचनचा थर घासते. बुशिंग काठीला गुंडाळलेल्या स्वच्छ कापडाने पुसा, तिथे लोखंडी काही घालू नका.

आता एअर स्प्रिंग. वरच्या कॅपला 24 मिमी सॉकेट लागतो, काही नव्या फोर्कना मागच्या गिअरच्या कॅसेटचा टूल. साध्या सॉकेटच्या तोंडाची आतली उतरती कड ग्राइंडरवर घासून सपाट करून घ्या, नाहीतर कॅपच्या बुटक्या कडा गोल होतात. खालून दांडा थोडा आत ढकलून सर्क्लिप काढा. चष्मा घाला. नळी आतून पुसून टॉर्चने ओरखडे बघा. ओरखडा असेल तर नवं सीलही टिकणार नाही. सील बदलून सस्पेंशनच्या ग्रीसचा पातळ थर द्या आणि खाचेत ग्रीस भरू देऊ नका. सर्क्लिपची एक बाजू धारदार असते, ती बाहेरच्या दिशेला ठेवून बसवा. बसल्यावर दांडा ओढून खात्री करा.

पाय चढवताना वायपरचा ओठ दुमडतोय का बघा. दोन्ही बुशिंग पकडेपर्यंत पाय अर्धे चढवा. फोर्क तिरपा धरा, पायाची बोल्टची भोकं वर. सिरिंजने दोन्हीकडे ठरलेलं तेल घाला, मगच पूर्ण ढकला. बोल्टखालचे क्रश वायसर (आवळल्यावर दबून तेल अडवणारे) नवीन टाका. टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) रॉकशॉक्स कंपनीच्या अशा फोर्कना साधारण 7 न्यूटन मीटर, बाकीच्यांचा पुस्तिकेत बघा.

सेमिनरीचढ

तेलाबद्दल थोडी भर. पायात 0W-30 पूर्ण सिंथेटिक इंजिन ऑइल चालतं, तिथे काम फक्त वंगणाचं. डॅम्परमध्ये मात्र ते अजिबात नाही. फोर्क ऑइलचा 5 वेट आणि इंजिन ऑइलचा 5W हे वेगवेगळे मापदंड आहेत. आकडा सारखा दिसला तरी दाटपणा सारखा नसतो. आणि स्टँचनवर डब्ल्यूडी-40 मारायची सवय असेल तर सोडा, ते फोममधलं तेल धुऊन काढतं.

झिरोमाइल

मध्येच विचारतो, माझा स्प्रिंगवाला सनटूर फोर्क पुढचा ब्रेक दाबला की कटकट वाजतो. त्यालाही हेच करायचं का?

ऑइलसील

झिरोमाइल भाऊ, आधी प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. एकदा बोट हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा, एकदा वायपर आणि स्टँचनच्या सांध्यावर. वरच्या सांध्यात हालचाल जाणवली तर फक्त हेडसेट आवळायचा आहे. खाली जाणवली तर बुशिंग झिजलं, आणि स्वस्त फोर्कमध्ये ते बदलण्याचा खर्च परवडत नाही. प्ले नसेल तर पाय उतरवून साफ करा, बुशिंगला आणि स्प्रिंगला ग्रीस द्या. स्प्रिंगवाल्या बहुतेक फोर्कमध्ये वंगण तेलाचं नसून ग्रीसचंच असतं. स्टीलच्या स्टँचनला गंज चढतो, म्हणून पावसाळा संपताच हे करून घ्या.

मुरूमवाट

किट मागवतो. नंतर हवा परत 85 च ठेवायची का?

ऑइलसील

85 हा आकडा झिरपत्या सीलवर ठरलेला होता, तो विसरा. नव्याने सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते) मोजा. स्टँचनवरची रबरी रिंग खाली सरकवा, सामानासकट अलगद बसा, उतरा. 100 मिमीवर 20 ते 25 मिमी सॅग यायला हवा. हवा भरताना मध्ये मध्ये फोर्क थोडा दाबून सोडा, म्हणजे दोन्ही कप्पे बरोबरीला येतात, आणि मग परत दाब बघा.

मोजणी सकाळी सावलीत करा. 20 अंशांना भरलेले 80 पीएसआय मे महिन्यातल्या आपल्या 45 अंशांत 88 च्या आसपास जातात. उन्हात उभ्या सायकलवर सॅग लावला की थंडीत फोर्क मऊ पडतो आणि लोक परत सील उघडायला बसतात.

किट आलं की पिस्टनच्या सीलचा फोटो टाका. छेद चौकोनी की गोल ते बघून ग्रीस किती द्यायचं ते सांगतो.