मदत हवी आहे: पॅच हाताने शिवताना सुई मोडतेय

घाटवाट: शनिवारी राजगड आहे. ग्रुपचा पॅच शिवायचाय, मशीन नाही. सकाळपासून दोन सुया मोडल्या, बोटाची चाळण झाली. लवकर सांगा काहीतरी.

वाकळ: कशावर शिवताय? शर्ट, जीन्स, टोपी?

घाटवाट: सॅकवर, अजून कशावर!

कमीसाखर: पॅचच्या मागे चकचकीत थर आहे का? मग शिवता कशाला? कडक इस्त्री फिरवा, चिकटतो. मुलाच्या जीन्सवर दोन वर्षं टिकलाय.

रिकामटेकडा: जीन्स सुती असते हो. सॅक बहुधा नायलॉनची. साधं नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, आक्रसायला त्याच्या आधीच लागतं.

कमीसाखर: मधे रुमाल ठेवायचा असतो, साहेब.

रिकामटेकडा: डिंक वितळेल एवढी उष्णता रुमालातून गेली, तर सॅकलाही लागणारच ना?

घाटवाट: भांडू नका. हो, मागे चकचकीत आहे. सुई चिकट होऊन अडकते, ओढली की मोडते.

वाकळ: हे आधी सांगायचं ना! सुई अंगाच्या साबणाच्या वडीत खुपसून घ्या, दर सात-आठ टाक्यांनी पुन्हा. पॅचच्या जाड काठातून घालू नका, काठाला आतून लागून घाला. आधी चारी बाजूंना कच्चे टाके, मग उलटी टीप. नुसता धावदोरा एका जागी तुटला की सरकत सुटतो. दोरा पॉलिएस्टरचा, दुहेरी. बोटात अंगुस्तान घाला. बाहेरच्या खिशावर शिवत असाल तर अस्तर बाजूला ओढून धरा.

तुळसकट्टा: आमची आजी नऊवारी लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. ऐंशीव्या वर्षी बिनचष्म्याची नेढ्यात दोरा ओवायची.

सह्यवारा: नेढ्यावरून आठवलं, राजगडाच्या सुवेळा माचीवर कड्याला आरपार भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात. त्यात बसून या. पाली दरवाजाने चढा.

रिकामटेकडा: पालीने काय मजा? गुंजवण्यातून चोर दरवाजा!

कमीसाखर: सॅकला कुबट वास येत असेल तर उलटी करून उन्हात टाका.

घाटवाट: वास नाही येत. शिवला एकदाचा! वाकळताई, साबणाने सुई लोण्यासारखी गेली. फक्त आता खिशात हात जात नाहीये.

वाकळ: अस्तर.

घाटवाट: टाके उसवू कशाने? ब्लेड चालेल?

सह्यवारा: पालीनेच जा. पायऱ्या आहेत.