लहान मुलांना घेऊन सुट्टीत फिरताना: तुमचे अनुभव सांगा

चाफा
काल भाचीचा फोन आला. दीड वर्षाच्या लेकीला घेऊन पहिल्यांदाच रत्नागिरीला निघालीये. "मावशी, गाडीत हिला झोपवू कशी?" म्हणाली, आणि मला आमची लेक तेवढी होती तेव्हाचा मे महिना आठवला. स्लीपरचा डबा, माणसावर माणूस. सासूबाईंनी पिशवीतून जुनं मऊ नऊवारी काढलं, बर्थच्या साखळ्यांना गाठी मारून झोळी बांधली आणि खाली बसून एक हात सतत झोळीला लावून ठेवला. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात सगळ्या डब्यातली पोरं भोकाड पसरून रडत होती, आमची ढिम्म हलली नाही. भाचीला हे सांगितलं, पण अजून बरंच सांगायचं राहिलं असं वाटतंय. तुम्ही लहानग्यांना घेऊन फिरताना काय काय केलंत? लिहा हं, तिला धागा पाठवणार आहे.

दोन_पिल्लं
खाण्याचं आधी. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन वाळवायची, खमंग भाजून रवाळ दळायची, चिमूटभर जिरं-हिंग. डब्यात भरून न्यायची. कुठल्याही हॉटेलात गरम पाणी मिळतं, तिथल्या स्वयंपाकघरात गोड बोलून पाच मिनिटं शिजवूनही देतात. वर तूप-मेतकूट. पोरं परक्या जागी आधी जेवण सोडतात, ओळखीची चव असली की निम्मं काम होतं.
आणि रेल्वेत मोबाइलच्या सॉकेटला किटली लावू नका प्लीज, मनाई आहे आणि धोकाही आहे. थर्मास न्या.

घाटवाट
आमचा विषय एकच: उलट्या. गाव आंबा घाटाच्या पलीकडे, म्हणजे वळणं चुकत नाहीत. निघताना दूध अजिबात नाही, कोरडी पोळी नाहीतर भाकरीचा तुकडा. मोबाइल बंद, नजर लांब रस्त्यावर. मध्ये थांबून पोराला पाच मिनिटं उभं करायचं. औषध डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलंय, ते घाटात नाही, निघायच्या आधी द्यायचं. पिशवी सीटच्या खिशात, डिकीत नाही. कपड्यांचा जादा जोड पोराचा ठेवतातच सगळे, एक शर्ट आपलाही हाताशी ठेवा.

तळेगावकर
@घाटवाट शर्टाबद्दल शंभर टक्के 😄 आम्ही खेडकडचे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून धाकटीचा त्रास खूपच कमी झाला. आधी पोलादपूर आलं की ती स्वतःच पिशवी मागायची बिचारी.

चाफा
अगं बाई! किती समजूतदार लेकरू 🥺

निंबोणी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. समुद्र. गणपतीपुळ्याला पाणी शांत दिसलं तरी आत ओढ आहे, मुलं घेऊन उतरू नका. कुठल्याही गावात आधी स्थानिकांना भरती-ओहोटी विचारा. माझा लेक तीन वर्षांचा होता तेव्हा लाटेचा आवाज आला की मांडीवर चढायचा. ओढत नेलं नाही. किनाऱ्यापासून लांब बसलो, घरची स्टीलची वाटी आणि चमचा दिला. आधी खड्डा, मग खड्ड्यात पाणी हवं म्हणून माझा हात धरून ओल्या वाळूपर्यंत, मग पाऊल बुडेल इतकं. संध्याकाळी तोच परत यायला तयार नव्हता.
अंगाची वाळू पुसण्याआधी जरा टाल्कम पावडर लावा, तोंडापासून लांब, सगळी झटकली जाते. जांघेत राहिली तर रात्रभर चुरचुरतं.
गर्दीत मुलाच्या हातावर पेनाने आपला नंबर लिहा. शिट्टी झाली, पळते.

आजोबा_नाशिक
नमस्कार. तिकिटाचे नियम लिहितो, घोळ होतो. रेल्वेत 5 वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट नाही. 5 ते 12 वयाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडे, नको असेल तर अर्धे. एसटीत 5 ते 12 अर्धे तिकीट. वयाचा पुरावा जवळ असू द्यावा. नातवंडांना खिडकी द्यावी, पण गजाबाहेर हात नाही.

बर्फाळ_मिनेसोटा
विमानाचं मी लिहिते. उतरताना कान दुखतात म्हणून बाळं रडतात. विमान खाली यायला लागलं की दूध पाजायला घ्या, गिळत राहिलं की कान मोकळे होतात. जरा मोठ्यांना घोट घोट पाणी. त्यामुळे त्या आधीच्या तासात पोट भरून पाजू नका, नाहीतर नेमकं तेव्हा तोंड फिरवतात. सुरक्षा तपासणीत बाळाचं दूध, पेज नेऊ देतात, फक्त वेगळं काढून दाखवायचं.
भारतात पोचल्यावर पहिले काही दिवस पोरगी रात्री तीनला टक्क जागी. आई न कुरकुरता उठून पोहे करायची आणि दोघी ओट्याशी गप्पा मारत बसायच्या. आई नाही आता. मुलीला ते पोहे अजून आठवतात.

दोन_पिल्लं
@बर्फाळ_मिनेसोटा 🫂

औषधवाली_मावशी
ओआरएसची पाकिटं हँडबॅगेत, सुटकेसमध्ये नाही. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालायचं. पेल्यात अंदाजाने थोडं थोडं कालवू नका, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. 24 तासांत उरलेलं फेकायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने. थर्मामीटर घ्या. लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं, तर पुढचा पॉइंट राहू दे आणि डॉक्टर गाठा.

सांजवेळ
@दोन_पिल्लं मेतकूट विकतचं की घरचं?

दोन_पिल्लं
घरचं गं. हरभराडाळ जास्त, उडीदडाळ, तांदूळ, थोडे गहू, सगळं वेगवेगळं भाजायचं. मेथी अगदी कमी, सुंठ, हळद, हिंग. लहानांसाठी करताना मिरची आणि मोहरी गाळते.

सांजवेळ
मोहरी गाळली तर झणका जातो ना?

दोन_पिल्लं
पोरांना तो नाकात जातो. मोठ्यांचं वेगळं दळते.

नवी_आई
सगळं वाचून काढलं, खूप आभार. माथेरानला बाबागाडी चालेल का?

तळेगावकर
नका नेऊ. दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी जात नाही, आणि लाल मातीत, दगडगोट्यांत बाबागाडीची चाकं अडतात. बाळ अंगाशी बांधायची कॅरियर बॅग न्या. अमन लॉज स्टेशनहून माथेरानपर्यंत छोट्या रेल्वेची शटल आहे, पावसाळ्यात नेरळहून येणारी छोटी गाडी बंद असली तरी शटल चालू असते. सुट्टीत रांग मोठी, तेव्हा एकाने तिकिटाला उभं राहायचं, दुसऱ्याने बाळाला घेऊन सावलीत. आणि माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.